फूट दुरुस्त केले की इंच पुसले जातात: सी स्ट्रक्टची फील्ड पायथनला उघडी करतानाचे एक प्रकरण

सांगलीत पावसाळा लागला की कृष्णेची पातळी फूट आणि इंचांत बोलली जाते. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. कोयनेतून सोडलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावरून पुढे येऊन सांगलीत पोहोचेपर्यंत पातळीची प्रत्येक नोंद मोलाची असते, कारण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर यांसारख्या सखल भागांतील कुटुंबे सामान कधी हलवायचे याचा अंदाज अशाच आकड्यांवरून बांधतात.

नदीकाठच्या वसाहतींसाठी अशा नोंदी गोळा करून त्यांचा आलेख दाखवणारी एक प्रणाली सांगलीतील एका लहान सॉफ्टवेअर गटाने बांधली होती. पुढे तिच्यातील काही नोंदींचे इंच नाहीसे होऊ लागले. कारण शोधण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात मी त्या गटाबरोबर होतो. दोष पायथन एक्स्टेन्शनच्या (पायथनला जोडलेल्या सी कोडच्या) एका तक्त्यातील दोन ओळींत होता आणि तो कंपायलर, चाचण्या आणि मेमरी तपासणारी साधने या तिघांच्याही नजरेतून सुटला होता. तो का सुटला हे समजून घेतले, तर सी स्ट्रक्टची (सी भाषेत एकत्र बांधलेल्या मूल्यांच्या संचाची) फील्ड पायथनमध्ये ॲट्रिब्यूट म्हणून देण्याची सगळी यंत्रणाच समजते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

मांडणी कशी होती

पुलाजवळच्या सेन्सरची माहिती वाचण्यासाठी सी भाषेतील एक जुनी लायब्ररी होती, आणि आलेख, इशारे, दुरुस्तीचा पडदा हे सारे पायथनमध्ये होते. दोघांच्या मध्ये सीमध्ये लिहिलेला ‘नोंद’ नावाचा एक्स्टेन्शन टाइप होता. त्याच्या स्ट्रक्टमध्ये सुरुवातीला प्रत्येक पायथन ऑब्जेक्टला लागणारे शीर्ष, म्हणजे ६४ बिटी यंत्रावर संदर्भगणना (ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी) आणि टाइपचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) मिळून १६ बाइट. त्यानंतर ठिकाणाच्या नावासाठी पायथन ऑब्जेक्टचा एक पॉइंटर, मग क्युसेकमधील विसर्गासाठी एक डबल (आठ बाइटांची अपूर्णांक संख्या), आणि शेवटी फूट व इंच अशी दोन पूर्णांक फील्ड होती.

ही फील्ड पायथनमधून दिसावीत यासाठी गटाने पायमेंबरडेफचा तक्ता वापरला होता. या तक्त्यातील प्रत्येक ओळीत पाच गोष्टी असतात: ॲट्रिब्यूटचे नाव, सीमधील प्रकाराचा संकेत, स्ट्रक्टच्या सुरुवातीपासून त्या फील्डचे अंतर, फ्लॅग आणि वर्णन. अंतर हाताने मोजायचे नसते, ते ऑफसेटऑफ हा मॅक्रो काढून देतो. तक्ता टाइपच्या टीपी_मेंबर्स या जागी लावला आणि पायटाइप_रेडी बोलावले, की इंटरप्रिटर प्रत्येक ओळीसाठी एक डिस्क्रिप्टर (ॲट्रिब्यूट वाचणे-लिहिणे सांभाळणारा दुवा) तयार करून टाइपच्या डिक्शनरीत ठेवतो. त्यानंतर ॲट्रिब्यूट वाचताना इंटरप्रिटर ऑब्जेक्टच्या पत्त्यात अंतर मिळवतो, प्रकाराच्या संकेतानुसार तितके बाइट उचलतो आणि त्यांचे पायथन मूल्य बनवतो. लिहिताना हेच उलट करतो. पायथनच्या वर्गांतील स्लॉट्सची सोयही याच यंत्रणेवर उभी आहे, त्यामुळे ही वाट चांगलीच मळलेली आहे. दोन-तीन फील्डसाठी वेगळी गेटर-सेटर (मूल्य वाचणारी व लिहिणारी) फंक्शने लिहिण्याचा खटाटोप वाचतो, आणि फील्ड ऑब्जेक्टचा पॉइंटर असेल तर जुन्याची संदर्भगणना उतरवणे व नव्याची चढवणे हेही इंटरप्रिटरच पाहतो.

मात्र एक मर्यादा पहिल्यापासून लक्षात ठेवावी लागते. तक्त्यातील अंतर हे ऑब्जेक्टच्या स्वतःच्या मेमरीतले असते. लायब्ररीने दिलेल्या स्ट्रक्टचा नुसता पॉइंटर ऑब्जेक्टमध्ये साठवला, तर त्या पॉइंटरमागे जाऊन फील्ड वाचणे या तक्त्याला जमत नाही, तिथे गेटर-सेटरच लागतात. या गटाने लायब्ररीकडून आलेली मूल्ये ऑब्जेक्टमध्येच उतरवून घेतली होती, त्यामुळे तक्ता वापरण्याचा निर्णय योग्यच होता.

लक्षण

एका पावसाळ्यात सेन्सर काढून पुन्हा बसवला गेला आणि त्याची शून्यपातळी एका फुटाने कमी भरली गेली. ती दुरुस्त होईपर्यंत मोजपट्टी वाचणारे कर्मचारी दुरुस्तीच्या पडद्यावर जाऊन प्रत्येक नोंदीतील फुटाचा आकडा एकाने वाढवत होते. काही दिवसांनी आलेख पाहणाऱ्या एका तरुण अभियंत्याच्या ध्यानात आले, की दुरुस्त केलेल्या सगळ्या नोंदी आलेखावर पूर्ण फुटांच्या आडव्या रेषांवर बसल्या आहेत, तर न दुरुस्त केलेल्या नोंदी नेहमीप्रमाणे रेषांच्या अधेमधे पसरल्या आहेत. सेन्सरकडून ४३ फूट ९ इंच आलेली नोंद दुरुस्तीनंतर ४४ फूट ९ इंच व्हायला हवी होती. साठवणीत होते ४४ फूट ० इंच.

पहिला संशय माणसांवर गेला. कर्मचारी पूर्ण फुटांत आकडे भरत असावेत असे धरून मोजपट्टी वाचणाऱ्या काकांना विचारले गेले. त्यांचे उत्तर ठाम होते: “साहेब, मी फुटाचा आकडा तेवढा बदलतोय, इंचाला हातबी लावत नाही.” त्यांची वही मागवून पाहिली, तर वहीत ४४ फूट ९ इंच असेच लिहिलेले होते. ही वही आधीच मागवली असती तर माणसांवर संशय घेण्याची वेळ आली नसती, असे मला आजही वाटते.

दोष किती गंभीर होता हे इथेच सांगायला हवे. नाहीसे झालेले इंच पातळीला नेहमी खालीच दाखवत होते, कधीही वर नाही. पाणी चढत असताना ४४ फूट ११ इंचांची नोंद ४४ फूट दिसणे म्हणजे धोका पातळीला एक इंच उरलेला असताना एक फूट उरला आहे असे सांगणे होय.

शोध

पायथनच्या संवादी खिडकीत प्रयोग करून पाहिला. एका नव्या नोंदीला इंच ९ दिले, मग फूट ४४ दिले, आणि इंच वाचले: ०. नंतर क्रम उलटा केला. आधी फूट ४४, मग इंच ९. इंच वाचले तर ९ आले, पण फूट वाचले तर ५८९८६८ असा आकडा आला. या आकड्यातून ४४ वजा करून ६५५३६ ने भागले की बरोबर ९ येतात, आणि ६५५३६ म्हणजे दोनाचा सोळावा घात. इथे चित्र स्पष्ट झाले. फूट वाचताना इंटरप्रिटर फुटाच्या दोन बाइटांपाशी न थांबता पुढचे दोन बाइटही उचलत होता, आणि त्या दोन बाइटांत इंच होते.

स्ट्रक्टचा इतिहास काढल्यावर कारण सापडले. सुरुवातीला फूट आणि इंच ही दोन्ही फील्ड चार बाइटांच्या इंट प्रकारची होती, आणि तक्त्यात दोघांसाठी टी_इंट हा संकेत होता. पुढे लाखो नोंदी एकाच वेळी मेमरीत ठेवण्याची गरज पडली, तेव्हा जागा वाचावी म्हणून स्ट्रक्टमध्ये दोन्ही फील्डचा प्रकार दोन बाइटांचा शॉर्ट केला गेला. तक्ता मात्र तसाच राहिला. ऑफसेटऑफने नवी अंतरे आपोआप काढून दिली, म्हणजे फुटासाठी ३२ आणि इंचासाठी ३४, त्यामुळे तक्ता वरवर पाहता ताजाच दिसत होता. शिळा राहिला होता तो फक्त प्रकाराचा संकेत. अंतर सांगते की शेत कुठून सुरू होते, आणि संकेत सांगतो की ते किती रुंद आहे. रुंदी चुकीची लिहिली की बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात नांगर जातो, आणि इथे नेमके तेच झाले. फुटाला ४४ लिहिताना इंटरप्रिटर चार बाइट लिहीत होता, पहिल्या दोनांत ४४ आणि पुढच्या दोनांत शून्य, आणि ते पुढचे दोन बाइट इंचाचे होते.

या बदलाने जागा काहीच वाचली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. स्ट्रक्टमध्ये आठ बाइटांचे पॉइंटर आणि डबल असल्याने कंपायलर एकूण आकार आठच्या पटीत ठेवतो. दोन इंट असताना आकार ४० बाइट होता. दोन शॉर्ट केल्यावर फील्ड ३६ बाइटांत संपली, पण शेवटी चार बाइट रिकामे सोडून आकार पुन्हा ४० च राहिला. एकूण आकार तपासणारी एखादी चाचणी असती, तर तिनेही काही बदलले नसल्याचाच निर्वाळा दिला असता.

मग इतके दिवस हे दिसले का नाही? या प्रश्नाची उत्तरे मला मूळ दोषापेक्षाही महत्त्वाची वाटतात.

पहिले उत्तर त्या चार रिकाम्या बाइटांत आहे. इंचाचा संकेतही टी_इंटच होता, म्हणजे इंच वाचतानाही दोन बाइट जादा उचलले जात होते. पण नव्या ऑब्जेक्टला मेमरी वाटून देण्याची पायथनची नेहमीची पद्धत ती शून्याने भरून देते, आणि इंचापुढचे बाइट कोणाच्याच मालकीचे नसल्याने शून्यच राहत होते. त्यामुळे इंच कायम बरोबर वाचले जात होते आणि लिहिलेही जात होते. दोन ओळींत एकच चूक असून एक ओळ निर्दोष दिसत होती.

दुसरे उत्तर प्रत्यक्ष वापरात पायथनच्या बाजूने फूट कधी वाचलेच जात नव्हते, हे आहे. पडद्यावर दिसणारा ‘४४ फूट ९ इंच’ हा मजकूर आणि इशाऱ्याच्या तुलनेसाठी लागणारी एकूण इंचांची संख्या सीमधील मेथड तयार करत होत्या, आणि त्या स्ट्रक्टमधील शॉर्ट फील्ड थेट वाचत असल्याने बरोबर होत्या. ऑब्जेक्ट तयार करणारे फंक्शनही आर्ग्युमेंट आधी स्थानिक चलांत घेऊन मग फील्डमध्ये ठेवत होते, म्हणून तेही निर्दोष होते. पायथनमधून फुटाला स्पर्श होत होता तो फक्त दुरुस्तीच्या पडद्यावर, आणि तोही लिहिण्यासाठी.

तिसरे उत्तर चाचण्यांचे. फूट ॲट्रिब्यूट वाचणाऱ्या आणि बदलणाऱ्या चाचण्या होत्या, आणि त्या सर्व उत्तीर्ण होत होत्या. पण त्यांतील पातळ्या होत्या ४० फूट ० इंच आणि ४५ फूट ० इंच, कारण सांगलीत पातळी म्हटले की हेच दोन आकडे पुढे येतात. इंच शून्य असताना फुटाचे चार बाइट वाचले काय आणि दोन वाचले काय, उत्तर एकच येते. शेजारच्या फील्डमध्ये शून्य ठेवून घेतलेली चाचणी या जातीचा दोष कधीच पकडू शकत नाही. अशा चाचण्यांत प्रत्येक फील्डला वेगळे आणि शून्येतर मूल्य द्यावे, एक फील्ड बदलावे आणि बाकी सर्व फील्ड जशीच्या तशी आहेत का ते पाहावे, हा नियम मी तेव्हापासून पाळतो. जिथे चालते तिथे ऋण मूल्यही घालतो, कारण रुंदी चुकली की ऋण संख्या लगेच उघडी पडते.

साधनांचेही तसेच. कंपायलरच्या दृष्टीने तक्त्यातील संकेत ही एक साधी पूर्णांक संख्या आहे. तिचा शेजारच्या ऑफसेटऑफमधील फील्डच्या प्रकाराशी काही संबंध आहे हे त्याला माहीतच नसते, त्यामुळे कोणत्याही पातळीवरची सूचना चालू केली तरी तो गप्प राहतो. ॲड्रेस सॅनिटायझर मेमरीच्या वाटलेल्या तुकड्याबाहेर लिहिले तर ओरडतो, पण इथे लेखन ऑब्जेक्टच्या हद्दीतच होत होते. पायथनच्या डीबग वाटणीत तुकड्याच्या आगेमागे ठेवलेले पहाऱ्याचे बाइटही त्याच कारणाने शाबूत राहिले. पायथनच्या बाजूने टाइपवरचा डिस्क्रिप्टर छापून पाहिला, तर तो मेंबर आहे एवढेच कळते. गेटर-सेटरने दिलेला असेल तर ॲट्रिब्यूट असे छापले जाते. आत किती बाइटांचा संकेत आहे हे तिथून दिसत नाही. म्हणजे हा तक्ता मेमरीबद्दलचा असा दावा आहे, जो लिहिणाऱ्याशिवाय दुसरे कोणीही तपासत नाही.

दुरुस्ती

दोन ओळींत टी_इंटच्या जागी टी_शॉर्ट लिहिल्याने लक्षण नाहीसे झाले. पण तेवढ्यावर थांबणे मला पटले नाही, कारण पुढच्या वेळी स्ट्रक्ट बदलणारा माणूस तक्ता बदलायला पुन्हा विसरू शकतो.

म्हणून संकेत हाताने लिहिणेच बंद केले. सी भाषेच्या सी११ या मानकातील _जेनेरिक ही सोय दिलेल्या फील्डचा प्रकार पाहून कंपायलच्या वेळीच योग्य पर्याय निवडते. तिच्या आधाराने एक छोटा मॅक्रो केला: टाइपचे नाव आणि फील्डचे नाव दिले की तो अंतर ऑफसेटऑफने काढतो आणि संकेत _जेनेरिकने, शॉर्ट असेल तर शॉर्टचा, इंट असेल तर इंटचा, डबल असेल तर डबलचा. यादीत नसलेला प्रकार आला तर कंपायल होतच नाही. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरवर हा मॅक्रो स्थिर तक्त्यात चालला. एक जागा मात्र माणसाच्या निर्णयासाठी मोकळी ठेवावी लागली. सीमधील चार (char) या प्रकाराचे फील्ड पायथनला एका अक्षराची स्ट्रिंग म्हणून द्यायचे, लहान पूर्णांक म्हणून द्यायचे की खरे-खोटे म्हणून, हे प्रकारावरून ठरत नाही. म्हणून चार या प्रकाराला यादीत मुद्दाम स्थान दिले नाही, तिथे संकेत लिहिणाऱ्यानेच लिहावा.

याच वेळी पायथनच्या आवृत्तीचाही विचार झाला. ३.१२ पासून हा तक्ता आणि त्याचे संकेत पायथनच्या मुख्य हेडरमध्ये आले आहेत आणि त्यांच्या नावांना पाय_ हा उपसर्ग लागला आहे, जसे पाय_टी_शॉर्ट, पाय_रीडओन्ली. स्ट्रक्टमेंबर.एच हे जुने हेडर आणि त्यातील जुनी नावे अजून चालतात, पण नव्या कामात नवीच वापरावीत. जुन्या टी_ऑब्जेक्टला असे नवे सार्वजनिक नाव मुद्दाम दिलेले नाही. तो संकेत पॉइंटर नल (रिकामा) असताना नन (पायथनचे ‘काही नाही’ हे मूल्य) परत करतो, त्यामुळे ‘मूल्य नन आहे’ आणि ‘मूल्यच नाही’ यांतला फरक पुसला जातो. टी_ऑब्जेक्ट_ईएक्स अशा वेळी ॲट्रिब्यूटएरर देतो.

बरोबर संकेत लावल्यावरही एक प्रश्न उरला, आणि या प्रकरणातील खरा निर्णय तिथे होता. टी_शॉर्ट असलेल्या फील्डला ७०००० दिले तर पायथन ते नाकारत नाही. तो मूल्य कापून ४४६४ साठवतो आणि फक्त रनटाइमवॉर्निंग देतो, जी सर्व्हरच्या लॉगमध्ये कोणी पाहत नाही. सूचनांना अपवादात बदलण्याचा पर्याय चालू ठेवला तरी अपवाद येईपर्यंत कापलेले मूल्य लिहून झालेले असते. इंचाला १५ दिले तर सूचनाही येत नाही, कारण सीच्या दृष्टीने १५ मध्ये काहीच वावगे नाही. ० ते ११ हा नियम सीच्या प्रकारात बसत नाही. माझे मत असे झाले, की ज्या फील्डमध्ये सीच्या प्रकारात मावणारे प्रत्येक मूल्य आपल्या ऑब्जेक्टला चालते, तेवढीच फील्ड लिहिण्याजोगी म्हणून तक्त्यात ठेवावीत. ज्याला काही नियम आहे ते एकतर फक्त वाचण्यासाठी उघडे करावे, नाहीतर पायगेटसेटडेफमधून गेटर-सेटर देऊन त्याचे दार स्वतःच्या ताब्यात ठेवावे.

त्याप्रमाणे फूट, इंच आणि विसर्ग ही तिन्ही फील्ड तक्त्यात पाय_रीडओन्ली झाली. आता त्यांना थेट मूल्य दिले की ॲट्रिब्यूटएरर येतो. दुरुस्तीसाठी ‘दुरुस्त’ ही एकच मेथड ठेवली, जी फूट आणि इंच एकत्रच मागते, इंच ० ते ११ मध्ये आहेत का ते पाहते आणि मगच दोन्ही लिहिते. पातळी ही एक राशी आहे, तिचे दोन तुकडे वेगवेगळ्या वेळी बदलू देणे मुळातच बरोबर नव्हते, आणि ही गोष्ट बाइटांची चूक नसती तरी बदलायलाच हवी होती.

ठिकाणाच्या नावासाठी गेटर-सेटर लिहिले. ते फील्ड टी_ऑब्जेक्ट_ईएक्स म्हणून लिहिण्याजोगे होते, त्यामुळे पायथनमधून त्यात स्ट्रिंगऐवजी यादी किंवा संख्याही ठेवता येत होती आणि डेल वापरून ते पुसताही येत होते, तर सीमधील मजकूर बनवणारी मेथड तिथे स्ट्रिंग आहेच असे धरून चालत होती. नल पॉइंटर हाती आला असता तर पूर्ण प्रोसेस कोसळली असती, तेही कदाचित पुराच्या रात्री. नव्या सेटरमध्ये दोन तपासण्या आहेत. आलेले मूल्य नल असेल तर तो पुसण्याचा प्रयत्न आहे असे समजून टाइपएरर द्यायचा, आणि मूल्य स्ट्रिंग नसेल तरीही टाइपएररच द्यायचा. पहिली तपासणी अनेकजण विसरतात, कारण डेल झाल्यावरही हाच सेटर बोलावला जातो हे सहज लक्षात येत नाही. सेटर चुकीच्या वेळी उणे एक परत करतो आणि जुने मूल्य जागेवरच राहते.

हे सारे सायथनमध्ये (पायथनसारख्या कोडपासून सी कोड तयार करणाऱ्या भाषेत) लिहिले असते तर सेटरचा कोड आपोआप तयार झाला असता आणि न मावणाऱ्या मूल्याला ओव्हरफ्लोएरर मिळाला असता, हे खरे आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तीच वाट सुचवीन. इथे मात्र चालू पावसाळ्यात, चालती प्रणाली न थांबवता दुरुस्ती करायची होती, म्हणून आहे त्याच सी कोडमध्ये काम केले.

जुन्या नोंदी

कोड सुधारल्यावर बिघडलेल्या नोंदी परत मिळवणे उरले होते. सेन्सरकडून आलेला कच्चा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये न बदलता साठवला जात होता, आणि कर्मचाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी फक्त फूट बदलले असल्याने त्या फाइलमधील इंच बरोबरच होते. दुरुस्तीची वेळ आणि कच्च्या नोंदीची वेळ जुळवून बहुतेक नोंदींचे इंच तिथून भरून काढले. जिथे कर्मचाऱ्याने आधी इंच बदलून मग फूट बदलले होते, तिथे कच्च्या फाइलचा उपयोग नव्हता. त्या नोंदी काकांच्या वहीवरून हाताने भरल्या. वहीतही न सापडलेल्या नोंदींपुढे शंकास्पद अशी खूण केली, आलेखावर त्या वेगळ्या रंगात काढल्या आणि इशाऱ्याच्या हिशेबातून वगळल्या.